दुसऱ्या कडव्यातले जोडाक्षर

माझ्या कवितेला चाल लावून देतो असे सांगून एका गृहस्थाने माझ्याकडून चार टप्प्यांत पैसे घेतले, त्या कवितेचे सर्व हक्क स्वतःच्या नावावर करून घेतले आणि त्याबदली जे गाणे माझ्या हाती ठेवले, ते त्याने माझ्या ओळखीच्या तिघांना आधीच विकलेले होते. हौसेने लिहिणाऱ्या आणि गाण्यांवर जीव असणाऱ्या माणसाला गाठण्याची ही पद्धत फार नेमकी आहे, आणि ती मला आधी कोणी उलगडून सांगितली असती तर मी पहिल्याच पत्राला थबकले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कवितेपर्यंत मी गाण्यांच्या वाटेने पोहोचले. शाळेत असताना एका गायिकेच्या आवाजाने मला इतके झपाटले होते की तिची ऐकलेली प्रत्येक रचना मी वहीत उतरवून ठेवत असे. पुढे त्या वहीत गीतकारांची नावे लिहिण्याची सवय लागली, आणि ती नावे शोधून काढायला अनेकदा किती कष्ट पडतात हेही कळले, कारण गायिकेचे छायाचित्र जिथे मोठे छापलेले असे तिथे शब्द लिहिणाऱ्याचे नाव बहुधा बारीक अक्षरांत असे किंवा नसेच. मग आवडत्या चालींवर स्वतःचे शब्द बसवण्याचा खेळ सुरू झाला. शब्द चालीवर बसत नाही तेव्हा तो का बसत नाही, हे शोधता शोधता मात्रा मोजायला शिकले, आणि एके दिवशी लक्षात आले की चाल बाजूला ठेवली तरी ओळी आपापल्या लयीत उभ्या राहतात. माझ्या बहुतेक कविता पादाकुलक या वृत्तात आहेत. आठ-आठ अशा सोळा मात्रांची ती चाल माझ्या अंगात मुरली आहे. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे आणि दिवसभर इतरांची बिले पावतीशी ताडून पाहते, ही गोष्ट या हकिगतीत मला सर्वांत जास्त लाजवणारी आहे.

त्या गायिकेच्या चाहत्यांचा आमचा एक जुना गट आहे. तिथे मी कधीमधी कविता वाचत असे. संबंधित गृहस्थ या गटात वर्षभर होते, दुर्मीळ ध्वनिमुद्रणांविषयी जाणकारीने बोलत, आणि मी त्यांना ‘सर’ म्हणत असे. त्यांचे पत्र आले तेव्हा त्यात स्तुती अगदी मोजकी होती. कविता गेय आहे, मुखडा तयारच आहे, एवढेच म्हणून त्यांनी लिहिले होते की, “ताई, दुसऱ्या कडव्यात एक जोडाक्षर आहे, ते गाताना अडेल. तेवढे बदलता आले तर पाहा.” माझी ओळ होती, ‘स्पर्श कोवळा उन्हात ओला’. मी ‘स्पर्श’ काढून ‘हात’ घातला, मात्रा बरोबर भरल्या आणि मी खूश झाले. उन्हातल्या पावसाच्या कवितेत हा हात कोणाचा आणि तो मध्येच कुठून आला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. निव्वळ स्तुती केली असती तर मला संशय आला असता. दोष दाखवणाऱ्या माणसाने कविता खरोखर वाचली आहे, असा माझा समज झाला. मराठीत तीन-चार कडव्यांची कविता घ्या, तिच्या दुसऱ्या कडव्यात जोडाक्षर नसणे हेच अवघड आहे, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

पुढचे टप्पे मी झटपट सांगते, कारण त्यांत नवल काही नाही. चाल विनामूल्य होती. ती फोनवर अर्धा मिनिट ऐकवली गेली, आणि आवाज माझ्या आवडत्या गायिकेच्या आवाजाच्या इतका जवळ जाणारा होता की मी रडले. त्यानंतर गायिकेचे मानधन आणि स्टुडिओचे भाडे मागण्यात आले, मग मिक्सिंग आणि मास्टरिंगचा खर्च, मग हक्कांच्या ‘नोंदणीचे’ शुल्क, आणि शेवटी श्रोते वाढवण्याचे पॅकेज. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीपेक्षा लहान होती. एवढे दिले आहे तर एवढ्यासाठी गाणे अडकायला नको, असा हिशेब मी दर वेळी केला, आणि पाच महिन्यांची बचत संपली. गाणे प्रकाशित होईपर्यंत कोणाला ऐकवू नका, नाहीतर चाल चोरीला जाते, अशी ताकीद मात्र पहिल्या दिवसापासून होती. आम्ही सगळे एकाच गटात, दर महिन्याला भेटणारे, आणि तरीही एकमेकांशी या विषयावर चकार शब्द बोललो नाही, ते या ताकिदीमुळे.

उलगडा झाला तो एका बैठकीत. आमच्यातल्या एका काकांना गुपित ठेवणे जमेना. त्यांनी मोबाइल काढून स्वतःच्या कवितेचे गाणे लावले. पहिल्या दोन सेकंदांतच माझ्या पोटात गोळा आला, कारण आम्ही नुसत्या सुरावटीच्या पहिल्या फटकाऱ्यावरून गाणे ओळखणारी माणसे. तीच चाल, तेच वाद्यसंयोजन, तोच आवाज. शब्द तेवढे वेगळे. काकांचे गाणे संपल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीने काही न बोलता आपला मोबाइल पुढे केला, मग मी माझा केला, आणि चौथ्या सदस्याने, “माझेही तेच आहे, लावत नाही,” एवढेच म्हटले. जोडाक्षराचा आक्षेप चौघांनाही आला होता आणि चौघांनीही कविता बदलली होती.

घरी येऊन मी ते गाणे पहिल्यांदा चाहतीच्या कानाने न ऐकता कवयित्रीच्या कानाने ऐकले. चाल सात मात्रांच्या रूपक तालात होती आणि माझी ओळ आठ-आठ मात्रांची. चांगला संगीतकार सोळा मात्रांची ओळही रूपकात बांधू शकतो. तो एखादे अक्षर लांबवतो, मध्ये जागा सोडतो, ओळ दोन आवर्तनांवर पसरवतो, पण शब्द मोडत नाही. इथे प्रत्येक अर्ध्या ओळीतून एक मात्रा सरळ छाटली होती. ‘हात कोवळा’ या आठ मात्रा ‘हात कोव्ळा’ करून सातांत कोंबल्या होत्या, म्हणजे ज्याने माझ्याकडून एक जोडाक्षर काढून घेतले त्याने गाण्यात स्वतःचे एक घातले होते. ‘उन्हात’मधला ‘त’ असाच पाय मोडून टाकला होता. हे इतके दिवस मला ऐकू का आले नाही, याचे उत्तर आवाजात आहे; त्या आवाजात माझे शब्द ऐकू येणे एवढेच मला हवे होते, आणि माझी आवडती गायिका कोण हे त्या गृहस्थांना वर्षभर ठाऊक होते. आता तर शब्द दिले की काही मिनिटांत गायलेले गाणे तयार करून देणारी यंत्रसाधने कोणालाही उपलब्ध आहेत, त्यामुळे कानावर पडलेला सुरेल आवाज म्हणजे कोणीतरी स्टुडिओत जाऊन मेहनत घेतल्याचा पुरावा धरता येत नाही. कोणी आपल्या शब्दांना चाल लावल्याचे सांगितले तर संगीतकाराने स्वतः गुणगुणून केलेले पहिले कच्चे ध्वनिमुद्रण आणि आवाज व वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक मागावेत. खरे काम झाले असेल तर ते देता येतात. मी शेवटी मागितले तेव्हा सरांनी संगणक बिघडल्याचे कळवले.

हा धंदा जुना आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मासिकांतून ‘कविता पाठवा, आम्ही गाणे करून देऊ’ अशा जाहिराती येत, आणि पैसे घेऊन ठरावीक चालीवर कोणाचेही शब्द चढवून देणाऱ्यांना तिथे ‘साँग शार्क’ म्हणत. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात अशा कवितांच्या तबकड्या निघत, तेव्हा एकेक गायक एका दिवसात डझनावारी गाणी गाऊन मोकळा होई. खऱ्या गीतकारांच्या बाजूने लढाईही तितकीच जुनी आहे. पॅरिसमध्ये 1847 साली एर्नेस्त बुर्जे या लेखकाने एका कॅफेचे बिल भरायला नकार दिला, कारण तिथे त्याची रचना वाजवली जात होती आणि त्याला त्याचे काही मिळत नव्हते. त्या भांडणातून 1851 मध्ये रचनाकारांची सासेम ही संस्था उभी राहिली. बुर्जेने पेयाचे पैसे दिले नाहीत, आणि मी माझेच शब्द वाजवण्यासाठी पैसे दिले.

नोंदणीच्या शुल्काविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण तिथे अज्ञानाचा पुरेपूर फायदा घेतला जातो. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात 1908 च्या दुरुस्तीपासून चालत आलेले तत्त्व असे की कविता लिहिली जाताच तिचा हक्क लिहिणाऱ्याकडे असतो आणि त्यासाठी नोंदणी ही अट नाही. नोंदणीचा उपयोग वादाच्या वेळी पुरावा म्हणून होतो. मला ‘हक्कांचे प्रमाणपत्र’ म्हणून जो कागद दिला गेला, त्यावर एक बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक होता. हा क्रमांक एखादे ध्वनिमुद्रण ओळखण्यासाठी असतो, गाणी संगीतसेवांवर चढवणारे अनेक वितरक तो आपोआप देतात, आणि शब्द कोणाचे आहेत याविषयी तो काहीही सांगत नाही. श्रोते वाढवण्याच्या पॅकेजचीही हीच गत. स्पॉटिफायवर 2024 पासून गाणे मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले गेल्याशिवाय त्यावर मानधनाचा हिशेबच सुरू होत नाही, हे दाखवून मला भीती घातली गेली. ही अट खरी आहे. मात्र यंत्राने फुगवलेले ऐकणे त्या हिशेबात धरत नाहीत आणि त्यासाठी गाणे काढूनही टाकले जाऊ शकते, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून गेले.

सर्वांत मोठी चूक मात्र करारनाम्यात झाली. मी दोन पाने वाचली. तिसऱ्या पानावर माझी कविता ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज ज्ञात असलेल्या आणि भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ हस्तांतरित होत असल्याचे लिहिले होते. विश्व हा शब्द वाचून मला हसू आले होते, आणि मी सही केली. वकिलांनी नंतर समजावले की गाणे करण्यासाठी मालकी देण्याची काहीच गरज नव्हती. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक वापरासाठी परवाना देणे पुरेसे होते, आणि मुदतीत गाणे प्रकाशित झाले नाही तर परवाना आपोआप संपेल असे एक कलम घालून घेता आले असते. पैसे गेल्याचे दुःख वर्षभरात बोथट झाले, पण मी माझा छोटासा संग्रह जुळवायला बसले तेव्हा स्वतःच्याच कवितेसाठी त्या माणसाची लेखी परवानगी लागेल हे कळले, तो दिवस अजून खुपतो.

आम्ही चौघांनी मिळून पोलिसांकडे तक्रार दिली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. पैसे भरल्याच्या नोंदी, पत्रे आणि चारही ध्वनिमुद्रणे एकत्र जोडली. एकच चाल चार वेळा विकल्याचे एकेकट्याला दाखवता आले नसते. नोटिशीनंतर गाणी काढून टाकली गेली आणि हक्क परत केल्याचे एका ओळीचे पत्र आले. पैसे आलेले नाहीत. ते गृहस्थ आता आमच्या गटात नाहीत, दुसऱ्या एखाद्या गटात जाणकारीने बोलत असावेत.

कविता मी संग्रहासाठी पुन्हा उतरवून काढली, आणि दुसऱ्या कडव्यातला ‘हात’ खोडून त्या जागी ‘स्पर्श’ लिहिला.