पिवळा त्रिकोण आणि नॅसचं मागे पडलेलं घड्याळ: बॅकअप सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू, ११ महिन्यांनंतर

गुरुवारी, म्हणजे आमच्या भोसरीतल्या सुट्टीच्या दिवशी, डिझाइनवाल्या पोराचा फोन. "दादा, जिगच्या ड्रॉइंगचं फोल्डर उडालं." मी निवांत. बॅकअप आहे की! घरून लॅपटॉप जोडून रिस्टोअर उघडलं, तर नॅसची (ऑफिसच्या नेटवर्कवरचा सामायिक डिस्कचा डबा) शेवटची प्रत १९ दिवसांपूर्वीची. सॉफ्टवेअरचा मेल मात्र रोज येत होता आणि त्यावर रोज तोच पिवळा त्रिकोण: जॉब (रोजचं बॅकअपचं काम) पूर्ण, सूचनांसह.

या त्रिकोणाचं काय करायचं सांगा. अकाउंट्सच्या मॅडम एक्सेल शीट उघडी ठेवून घरी जातात. ती फाइल लॉक असते, म्हणून सुटते, म्हणून पिवळा. आणि नॅसचा अख्खा शेअर (सामायिक फोल्डर) नाकारला गेला, ६ टीबीतला एक बाइटही आला नाही, तरी पिवळाच! का, तर त्याच जॉबमधला टॅलीच्या सर्व्हरचा भाग व्यवस्थित झाला होता. एक फाइल आणि सहा लाख फायली एकाच रंगात. टीबीमागे पैसे मोजून घेणारं सॉफ्टवेअर लाल रंगात एवढी काटकसर का करतं?

लॉग उघडला, तर 'अ‍ॅक्सेस नाकारला, युजर-पासवर्ड तपासा'. पासवर्ड तीनदा बदलला. गंमत म्हणजे माझ्या मशीनवरून शेअर मस्त उघडत होता. सपोर्टने आधी लॉगचं गाठोडं मागितलं, मग एजंट (मशीनवर बसणारा त्यांचा छोटा प्रोग्राम) पुन्हा टाकायला लावला, आणि चौथ्या दिवशी सुचवलं, 'एनडीएमपीचं (मोठ्या नॅसचा बॅकअप घ्यायची वेगळी भाषा) जादा लायसन्स घ्या'. अहो, चार डिस्कचा डबा आहे आमचा, एनडीएमपी बोलतो तरी का तो?

शेवटी उलगडा झाला तो चहा पिताना. माझा शॉर्टकट आयपीचा (आकडी पत्त्याचा) होता, बॅकअप जातो नॅसच्या नावाने. नावाने गेलं की केर्बेरॉस, आयपीने गेलं की एनटीएलएम; ओळख पटवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. आणि केर्बेरॉसला घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. नॅसचं पान उघडलं: पावणेसहा मिनिटं मागे! वेळ इंटरनेटवरून घ्यायची असं सेटिंग होतं, पण नॅसला इंटरनेट द्यायचं नाही हा मालकांचा हुकूम, आणि फायरवॉलमध्ये तो अडवला होता मीच. रोज दीडेक सेकंद घसरत सात-आठ महिन्यांत फरक पाच मिनिटांच्या पुढे गेला. एनटीपीच्या (वेळ जुळवायच्या) चौकटीत डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या आमच्याच सर्व्हरचा, पत्ता टाकला. खर्च शून्य.

इथपर्यंत एकच तारा देणार होतो. पण डीबग (सविस्तर) लॉग लावून परत पाहिलं, तर 'क्लॉक स्क्यू' (घड्याळांतला फरक) असं स्वच्छ लिहिलेलं, फक्त हजारो ओळींच्या खाली. म्हणजे सॉफ्टवेअरला कळलं होतं, सांगायचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरची पहिली रात्र बघून रागही थोडा निवला. नेहमी पाऊण तासात उरकणाऱ्या इन्क्रिमेंटलने (फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअप) या खेपेला साडेआठ तास घेतले, पण नवीन फुल (सगळ्याचा पहिल्यापासून बॅकअप) न मागता मधल्या सगळ्या दिवसांचा खड्डा भरून काढला. जिगचं फोल्डरही जुन्या प्रतीतून मूळ परवानग्यांसकट परत आलं. गेली ती त्या १९ दिवसांतली तीन ड्रॉइंग. पोराने रविवारी येऊन पुन्हा काढली. त्याच्या वडापावचे पैसे मी दिले, तेही या हिशोबात धरा.

तर आता तीन तारे. नॅसचा जॉब वेगळा केलाय, म्हणजे नाकारला तर लाल होतो. मेलमध्ये रंगाकडे बघतच नाही, थेट खालचा 'किती डेटा हलला' तो आकडा बघतो. रिन्यूअल मार्चमध्ये आहे. त्याआधी नॅसवरचे जुने प्रदर्शनाचे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर हलवून ५ टीबीच्या आत बसवायचं चाललंय.

मॅडमची शीट? ती रोज सात वाजता मीच जाऊन बंद करतो.