आधी जेल की आधी विमान?

भाचा मेलबर्नला असतो. मागच्या वर्षी तिथला नागरिक झाला, त्यामुळं आता मतदान चुकवलं तर दंड. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथं सारखी एकच चर्चा चाललीय. बाहेरून आलेल्यानं मोठा गुन्हा केला, तर त्याला देशातनं काढायचं का नाही? तुम्ही एवढी वर्षं कोर्टाचे खेटे घातलात, तुमचं काय मत?" पाठीमागं चौदा माग खडखडत होते, मला धड ऐकूही येईना. म्हटलं लिहूनच काढावं. आपल्याकडंही चहाच्या टपरीवर हा विषय निघतो आणि 'हाकला' किंवा 'राहू दे की' एवढ्यावर चहाबरोबर संपतो.

खरं तर पर्याय तीन आहेत. एक, माणूस पकडला की खटल्याच्या भानगडीत न पडता सरळ विमानात बसवायचा. दोन, इथं खटला, इथं शिक्षा, आणि शिक्षा संपली की जेलच्या दारातूनच विमानतळ. तीन, शिक्षा भोगली ना, मग राहू दे इथंच. व्हिसा संपलेला, कागद नसलेला, पण कुणाच्या वाटेला न गेलेला माणूस मी या हिशोबात धरलेला नाही, ती गोष्ट वेगळी. इथं खून, बलात्कार, दरोडा, कोयता एवढंच.

सरकारला असा अधिकार आहे का, यावर वेळ घालवू नये. १९५५ मध्ये हान्स म्युलर नावाच्या जर्मन माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. १९९१ मध्ये एक बेल्जियन मिशनरी कोर्टात गेला. बिचारा १९३७ पासून भारतात राहत होता आणि गुन्हा तर काहीच नव्हता. त्यालाही हेच उत्तर मिळालं: जीविताचं संरक्षण सगळ्यांना, पण इथं वस्ती करायचा हक्क फक्त नागरिकांना. परदेशी माणसांबद्दलचा १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी हे सूत्र बदललेलं नाही. तेव्हा प्रश्न 'काढता येतं का' हा नाहीच. कधी काढायचं, हा आहे.

आता माझं. मी कारखानदार माणूस, परदेशी गुन्हेगाराशी माझा संबंध कधी आला नाही. पण हीच निवड धाकट्या मापात माझ्यापुढं एकदा आली होती. तिला आपण तडीपारी म्हणतो.

बारा-तेरा वर्षं झाली. गणपतीच्या आधी एक जण वर्गणी मागायला आला. पावतीपुस्तक हातात, पण रक्कम अशी की तिला वर्गणी म्हणायला जीभ वळू नये. मी बाजारात गेलो होतो. धाकटा भाऊ 'नाही' म्हणाला. संध्याकाळी त्या वर्गणीवाल्यानं कारखान्याच्या दारातच कोयता चालवला. भावानं हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. मागावर ताण्याचा धागा तुटला की दोन्ही हातांच्या चिमटीत टोकं धरून झटक्यात गाठ मारायची असते, हे आमच्याकडं दहा वर्षांच्या पोराला येतं. भाऊ आता एक टोक दातात धरतो.

त्या इसमावर आधीच्या दोन केसेस होत्या. पोलिसांनी तडीपारीचा प्रस्ताव करायचं ठरवलं. साहेब म्हणाले, "केस चालेल तेव्हा चालेल. तोवर दोन वर्षं हा सोलापुरात दिसणार नाही. तुम्ही आणि गल्लीतले एक-दोघं गोपनीय जबाब द्या, नाव कुठं येणार नाही." मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली हे होतं आणि दोन वर्षं ही त्याची कमाल मुदत. वकील मात्र म्हणत होते की तडीपारीच्या नादाला लागू नका, खटला जलद चालावा म्हणून जोर लावा. मी साहेबांचं ऐकलं. साक्षीदार 'अ' म्हणून जबाब दिला. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यातून दोन वर्षं तडीपार, पुण्याला नेऊन सोडला. त्या दिवशी मी कामगारांना पेढे वाटले, हे लिहायला आज जरा लाज वाटते.

पहिले दोन-तीन महिने खरंच बरे गेले. आई पुन्हा ओट्यावर बसायला लागली. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'पाठवून द्या' म्हणणाऱ्यांना याच गोष्टीची ओढ असते आणि ती खोटी नाही.

मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. पुकारा व्हायचा, आम्ही उठून उभे राहायचो, आणि त्याचा वकील तोच अर्ज पुढं करायचा: आरोपी तडीपार आहे, हद्दीत येण्याची परवानगी मिळालेली नाही, सबब गैरहजेरी माफ व्हावी. परवानगी मागितली तर मिळते, असं आमचे वकील सांगायचे. पण ती मागायची त्यानं. तो कशाला मागतोय? आरोप वाचून दाखवायला आरोपी समोर लागतो, नाहीतर खटला पुढं सरकत नाही. पुढची तारीख. पुन्हा तोच अर्ज, खालची तारीख तेवढी बदललेली. भावाचा एक खाडा, माझा एक, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्या दोन कामगारांचे दोन, आणि त्यांचा रोज मी द्यायचा. त्याच दिवशी रात्री पोरं येऊन सांगायची, "अण्णा, तो मघाशी पानपट्टीवर होता."

मला सगळ्यात खुपलं ते हे. कोयत्याचं दुःख काळानं बोथट झालं. पण ज्या तडीपारीसाठी मी स्वतः सही केली, तिच्याच आडोशाला तो कोर्टापासून लपला, याचा राग अजून जात नाही. शिक्षेऐवजी आम्ही त्याला रजा मिळवून दिली.

दोन वर्षांनी तो राजरोस परत आला. तोवर एक कामगार सिरसिल्ल्याला आपल्या गावी माग टाकून बसला होता, त्याला समन्स पोचेना. दुसरा हार्ट अटॅकनं गेला. शेवटी संशयाचा फायदा मिळून तो सुटला. आता रस्त्यात भेटला की "रामराम अण्णा" म्हणतो. मीही म्हणतो.

त्याची तडीपारी फक्त दोन जिल्ह्यांतून होती आणि धाराशिवच्या पलीकडंही आपलंच राज्य, आपलेच पोलीस असतात. तरी ही गत. मग खटल्याआधी माणूस दुसऱ्या देशातच पाठवला, तर त्याला परत कोण आणणार? भोपाळच्या वायुगळतीचं उदाहरण आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. ७ डिसेंबर १९८४ ला युनियन कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन झाला आणि ते देशाबाहेर गेले. २०१४ मध्ये वारले. मधल्या तीस वर्षांत भारतातल्या कुठल्याही कोर्टापुढं ते उभे राहिले नाहीत. ते काही स्थलांतरित नव्हते, मान्य. पण 'आधी जाऊ द्या, खटल्याचं मग बघू' याचा शेवट कसा होतो, ते यापेक्षा ठळक कुठं दिसणार? कुणी म्हणेल, नव्या न्याय संहितांमध्ये फरारी घोषित केलेल्या आरोपीच्या गैरहजेरीतही खटला चालवता येतो. येतो. पण सरकारनंच तिकीट काढून पाठवलेल्या माणसाला फरारी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पहिल्या पर्यायाच्या बाजूनं एक मुद्दा राहतो, खर्चाचा. 'आपल्या पैशानं त्याला पोसायचं कशाला?' २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर १०० जागांमागं १३१ कैदी होते, तेव्हा हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. पण याच हिशोबानं गेलं तर आपल्या देशी गुन्हेगारालाही पोसू नये. आणि गुन्हा करून फुकटात घरी पोचता येत असेल, तर ती शिक्षा म्हणायची की सहल?

दुसऱ्या पर्यायाचा नमुना चार्ल्स शोभराज, फ्रेंच नागरिक असलेला सराईत खुनी. मराठी माणसाला तो मुंबई पोलिसांतल्या आपल्या मधुकर झेंड्यांमुळं ठाऊक, ज्यांनी १९८६ मध्ये त्याला गोव्यात पकडलं. तो तिहारमधून पळालाच मुळी भारतातली शिक्षा वाढावी आणि थायलंडच्या हवाली व्हावं लागू नये म्हणून, असं सांगतात. म्हणजे कुठला देश कधी आपल्याला धरतो, याचा हिशोब गुन्हेगार आपल्यापेक्षा पक्का करतात. पुढं २००३ मध्ये तो काठमांडूत सापडला. नेपाळनं त्याला फ्रान्सला पाठवायची घाई केली नाही. खटला चालवला, जन्मठेप दिली, एकोणीस वर्षं आत ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला आणि मग लगोलग फ्रान्सला रवानगी, वर दहा वर्षं नेपाळबंदी. मला हा क्रम पटतो.

या पर्यायातही खोट आहे, ती झाकत नाही. शिक्षा संपली तरी समोरच्या देशानं 'हा आमचाच' असं कबूल करावं लागतं. ती पडताळणी लांबली की शिक्षा संपलेला माणूस स्थानबद्धता केंद्रात नुसता बसून राहतो. ते बरोबर नाही. उरलेली शिक्षा मायदेशी भोगायची सोय करणारा २००३ चा कायदा आपल्याकडं आहे, पण त्याला त्या देशाशी करार लागतो आणि कैद्याची संमतीही.

तिसऱ्या पर्यायाबद्दल मी फार ठाम बोलत नाही. आम्ही पद्मशाली. आजोबा करीमनगर भागातून गिरणीच्या कामाला आले तेव्हा तो मुलुख निजामाचा होता, म्हणजे कागदोपत्री तेही दुसऱ्याच्या राज्यातून आलेले. शिवाय सोलापूरला सेटलमेंट ठाऊक आहे. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवून इंग्रजांनी तारेच्या कुंपणात ठेवल्या होत्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. तेव्हा 'बाहेरचे सगळे तसलेच' असं कुणी बोलायला लागलं की मी तिथनं उठतो. गुन्हा ज्यानं केला त्याचा. त्याच्या गावाचा, भाषेचा नाही.

आणि एक अडचण आहे, ती खास भाच्याच्या देशातली. ऑस्ट्रेलियात १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली आणि माणूस जेलमध्ये असला की कलम ५०१ खाली व्हिसा रद्द होतो. २०१४ पासून तर ते सक्तीचंच आहे. म्हणजे तिथले पुढारी निवडणुकीच्या पत्रकात जे 'करून दाखवू' म्हणतात, त्यातलं बरंचसं आधीच चालू आहे. यात न्यूझीलंडचे पुष्कळ जण सापडले. त्यातले काही लहानपणीच आईबापाबरोबर ऑस्ट्रेलियात आलेले, 'मायदेशात' ओळखीचं माणूस नाही. त्यांना तिकडं 'फाइव्ह-ओ-वन' म्हणतात, आणि त्यांच्यातल्या काहींनी न्यूझीलंडमध्ये मोटारसायकलवाल्या टोळ्यांची नवी शाखा उघडली. अमेरिकेनं याआधी हेच करून पाहिलं. एमएस-१३ ही टोळी लॉस एंजेलिसमध्ये तयार झाली, तिची पोरं त्यांच्या मूळ देशी, एल साल्वाडोरला पाठवली आणि तिथं ती टोळी देशभर पसरली. आमच्याकडं तडीपार पुण्याला सोडतात, तसंच हे. आपली गल्ली साफ झाली, पुण्याचं पुणेकर बघतील.

म्हणून जो मोठेपणी आला त्याच्यासाठी माझा कौल दुसऱ्या पर्यायाला: आधी खटला, मग जेल, मग विमान. जो रांगत आला आणि इथलीच शाळा शिकला, तो कागदावर परका असला तरी तयार इथंच झालेला आहे. त्याच्या बाबतीत मी तिसऱ्याकडं झुकतो. कुणाला हे मवाळ वाटेल. माझा भाऊच म्हणतो, "अण्णा, तुझं आपलं कायम निम्मं-निम्मं." असेल. पण पहिला पर्याय मात्र मी कुणालाही सुचवणार नाही, कितीही स्वस्तात पडत असला तरी.

भाच्याला निरोप असा: तू आता नागरिक, तुला हा नियम लागत नाही. तुझ्या मजल्यावरच्या पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्या पण नागरिक नसलेल्यांना लागतो. मत मागायला येईल त्याला एवढंच विचार, की पाठवणी शिक्षेच्या आधी का नंतर, आणि पोरवयात आलेल्यांचं काय. पहिल्या प्रश्नाला 'आधी' म्हणाला, तर त्याला विचार की मार खाल्लेल्या माणसानं कोर्टात कुणासमोर उभं राहायचं. आणि पुढच्या वेळी फोन दुपारी दीडला कर. त्या वेळेला माग बंद असतात.