प्रॉक्समॉक्सवर आठ महिने: सगळं सुखरूप आलं, नेटवर्क कार्डाच्या नावांनी मात्र छळलं

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. गेल्या रविवारी त्या यंत्रात, म्हणजे होस्टमध्ये, एक एनव्हीएमई डिस्क वाढवली, बटण दाबलं आणि अख्खा होस्टच नेटवर्कवरून गायब. पिंग नाही, वेब पान नाही. शेवटी मॉनिटर जोडून बघितलं तर आत सगळ्या व्हीएम व्यवस्थित चालू होत्या. नव्या डिस्कमुळे पीसीआयचे (कार्डं आणि डिस्क जिथे जोडतात त्या जागांचे) क्रमांक सरकले होते. कालपर्यंत ‘ईएनपी३एस०’ असलेलं नेटवर्क कार्ड ‘ईएनपी४एस०’ झालं होतं आणि ‘व्हीएमबीआर०’ ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) जुन्याच नावाला धरून बसला होता. इंटरफेसेस फाइलमध्ये ३ चा ४ केला, सगळं परत आलं. एका आकड्यापायी पाऊण तास गेला. म्हणून आज लिहायला बसलो.

आधी मी व्हीएमवेअरची अशीच प्रणाली, ईएसएक्सआय, वापरायचो. ती सोडली ती पैशांमुळे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. एकदा पैसे भरले की वर्षानुवर्षं वापरायचं, असा माझा हिशोब. त्याच कामासाठी दरवर्षी वर्गणी भरायला मन तयार होईना. मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली खरी, पण तोवर माझ्या १९ व्हीएम हलवून झाल्या होत्या.

हलवणं सोपं गेलं, हे मोकळेपणाने सांगतो. ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआय होस्ट सरळ स्टोरेज म्हणून जोडता येतो. व्हीएमची यादी दिसते, निवडायची आणि इंपोर्ट करायची. जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था) आधी काढून टाका, नाहीतर इंपोर्ट रेंगाळतो. व्हीएमच्या आत बसवलेले सहायक प्रोग्राम, व्हीएमवेअर टूल्स, तेही निघायच्या आधीच काढा. इकडे आल्यावर विंडोजमध्ये त्यांचा अनइन्स्टॉलर नीट चालत नाही, हे मी तीन व्हीएमवर भोगलं.

विंडोजची बूट डिस्क थेट व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीच्या जलद आभासी जोडणीवर) टाकली तर निळा पडदा ठरलेला, कारण तो ड्रायव्हर आत नसतो. आधी साटा या विंडोजच्या ओळखीच्या जोडणीवर बूट करायचं, १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ स्कझी डिस्क जोडायची, ड्रायव्हर घालायचे, व्हीएम बंद करून मूळ डिस्क स्कझीवर आणायची. आणि बूट ऑर्डरमध्ये तिच्यावर टिक करायची. मी ती विसरलो की व्हीएम डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघायची.

सुरुवातीला लाइव्ह इंपोर्टवर मी फार खूश होतो. डेटा मागून येत राहतो आणि व्हीएम लगेच चालू होते. पहिल्या सहा तशाच आणल्या. सातवीच्या वेळी मधला स्विच रीस्टार्ट झाला, इंपोर्ट तुटला आणि तोवर नव्या बाजूला लिहिलं गेलेलं सगळं गेलं. तसं होऊ शकतं हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. डेटाबेसवाली व्हीएम असेल तर ती बंद करूनच आणा, थोडा वेळ गेला तरी चालेल. माझं मत तिथे बदललं ते बदललंच.

पण परत नावांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला. लिनक्समध्ये कार्डाचं नाव ते कुठल्या पीसीआय जागेवर आहे त्यावरून ठरतं. ईएसएक्सआयवर जे ‘ईएनएस१९२’ होतं ते इकडे ‘ईएनएस१८’ होतं. नेटप्लॅनमध्ये (व्हीएमच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) जुनं नाव असतं, त्यामुळे व्हीएम चालू होते, पण तिला आयपी मिळत नाही. अकरा लिनक्स व्हीएम, अकरा वेळा कन्सोल उघडून तीच ओळ बदलली. बाराव्या वेळी सुचलं की इंपोर्ट मूळ मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तसाच ठेवतो! मग जुन्या होस्टवर असतानाच नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’ खाली मॅक लिहिला. बारावी व्हीएम इकडे पहिल्याच बूटला नेटवर्कवर आली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

होस्टसाठीही तोच धडा. ९ व्या आवृत्तीत कार्डाचं नाव मॅकला बांधून ठेवणारी कमांड आली आहे, तिने कार्डाला ‘एनआयसी०’ असं नाव मिळतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या भागाच्या) लिंक फाइलने हेच होतं. सोमवारी ते केलं. मग ती डिस्क काढून एकदा बूट केलं, परत घालून एकदा. दोन्ही वेळा ‘एनआयसी०’ जागच्या जागी होतं.