खांद्यावर पालखी नाही, भार मात्र आहे

पुण्यातल्या या समकालीन नृत्यसंस्थेच्या वसंत प्रयोगात तीन रचना आहेत. तिकिटाचे पैसे पहिल्या दोनांतच वसूल होतात.

पहिली रचना कोकणातल्या शिमग्यावर बेतली आहे. रत्नागिरीकडे ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. इथे पालखीच काढून टाकली आहे आणि फक्त तिचा भार ठेवला आहे. आठ नर्तक, एकेक खांदा किंचित खाली, गुडघे सैल, आणि सगळ्यांचा झोका एकाच न दिसणाऱ्या दांडीला बांधलेला. ढोल सुरुवातीला वाजतो आणि मग थांबतो, ते उत्तम झालं. शेवटपर्यंत वाजत राहिला असता तर नुसती मिरवणूक झाली असती. भार खरा वाटायचा तर तो खांद्यातून कमरेत आणि कमरेतून टाचेत उतरावा लागतो. पुढच्या चौघांचा उतरतो. मागच्या दोघांच्या टाचा मात्र वळताना उचलल्या जातात, आणि तेवढ्यापुरती पालखी कागदाची होते.

दुसरी रचना एक नर्तक आणि एक नर्तिका अशा दोघांचीच, आणि सगळ्या संध्याकाळचा जीव तीच. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या काँटॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचं, म्हणजे एकमेकांच्या स्पर्शावर आणि भारावर आयत्या वेळी हालचाल रचण्याचं, तंत्र तिच्या मुळाशी आहे. नर्तिकेला उचलताना नर्तक हातांनी ओढत नाही. आधी गुडघे वाकवून तिच्याखाली जातो, आपली कंबर तिच्या ओटीपोटाखाली आणतो आणि मग नुसते पाय सरळ करतो; हात फक्त तोल राखायला. नवशिके नेमकं उलटं करतात, म्हणून त्यांची पाठ वाकते आणि जोर चेहऱ्यावर दिसतो. पुढे ती त्याच्या पाठीवरून घरंगळत जमिनीवर येते. खांदा, बरगड्या, कंबर, मांडी असं एकामागून एक टेकत जातं, कुठेही धप्प आवाज नाही. साथीला धृपदाची आलापी आहे. गुंदेचा बंधूंच्या गायनावर संथ हालचाल कशी पेलायची हे समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी दाखवून ठेवलंच आहे. ही जोडी त्याच वाटेने जाते, पण नक्कल करत नाही.

तिसऱ्या रचनेत उड्या आणि कोलांट्या. टाळ्या सर्वांत जास्त तिलाच पडल्या, पडोत बापड्या. त्यात सगळे एकदम हलतात तिथे मागची ओळ सतत जराशी मागे राहते. यात दोष नर्तकांचा नाही. स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असल्याने मागे बासचा घुमारा तेवढा पोचतो, ठोका कळत नाही. दोन्ही बाजूंच्या विंगेत आत तोंड करून एकेक मॉनिटर, म्हणजे नर्तकांना ऐकू यावं म्हणून लावायचा स्पीकर, ठेवला की भागतं.

आता जमीन. नाटकांच्या रंगमंचावर खिळ्यांची भोकं आणि फळ्यांच्या फटी असतात, म्हणून नाचासाठी वर व्हिनाइलचं, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकचं, आच्छादन अंथरावं लागतं. इथे दीड मीटर रुंदीच्या पट्ट्या आडव्या घातल्या होत्या. चैत्रातल्या उन्हात टेम्पोतून आलेला रोल तापलेला असतो. त्यावर लगेच टेप मारला तर एसीत व्हिनाइल आकसतं आणि सांधे उघडतात. रोल आधी मोकळा पसरून निवू द्यायचा असतो, पण नाट्यगृहाच्या एका सत्रात सेट, दिवे आणि तालीम सांभाळून तेवढा वेळ कोण काढणार? मध्यंतरानंतर प्रेक्षकांच्या उजव्या हाताचा एक सांधा उचलला गेलाच. एका नर्तिकेने घसरत नेलेलं पाऊल ऐन वेळी वर घेतलं, म्हणून बोट अडकलं नाही. मध्यंतरात पोछा फिरवला होता, हे मात्र चोख काम. घामाचे थेंब पडले की व्हिनाइल फार निसरडं होतं.

प्रकाशयोजना अभ्यासून केलेली आहे. नाटकाचे दिवे चेहरा दिसावा म्हणून बरेचसे समोरून पडतात आणि त्यात शरीर सपाट होतं. इथे विंगांत स्टँड उभे करून नडगी, कंबर आणि डोकं अशा तीन उंचींवरून प्रकाश टाकला आहे, त्यामुळे बरगड्यांचा श्वास दिसतो. मात्र स्टँडनी विंगा अडतात, आणि तिसऱ्या रचनेत धावत आत जाणारे एकमेकांसाठी थबकतात.

पुढच्या चार रांगा घेऊ नका, तिथून जमिनीवरचं काम दिसत नाही. आठवी ते बारावी रांग किंवा बाल्कनीची पहिली रांग उत्तम. रचना सुरू झाली की ती संपेपर्यंत आत सोडत नाहीत, तेव्हा पार्किंगला लागणारा वेळ धरूनच निघा.