ॲस्परॅगसची जुडी: उकळावी, वाफवावी, परतावी की भाजावी?

पद्धत ठरवण्याआधी जुडीतला एक कोंब हातात घेऊन बघा. पेन्सिलीएवढा बारीक आहे की अंगठ्याएवढा जाड? पुष्कळ पाककृती हे विचारतच नाहीत. सरसकट "दहा मिनिटं शिजवा" म्हणून मोकळ्या होतात आणि बारीक कोंबांचा लगदा होतो. जाड म्हणजे निबर, हाही गैरसमजच. कोंबाची जाडी जमिनीतला गड्डा किती जोमदार आहे त्यावर ठरते. निबरपणा असतो बुडख्यात, आणि जुडी जितके दिवस पडून राहील तितका तो वर चढत जातो.

बुडखा हाताने मोडायची युक्ती सगळे सांगतात. पण कोंब कुठे धरला त्यावर तो कुठे मोडेल हे ठरतं, आणि बराच चांगला भाग कचऱ्यात जातो. मी बुडाकडची बोटभर चकती सुरीने उडवते आणि जाड कोंब असेल तर खालची दोन-तीन इंच साल सोलाण्याने काढते. मग तो शेंड्यापर्यंत एकसारखा शिजतो.

आता पद्धती. थंड खायचं असेल, सॅलडमध्ये घालायचं असेल किंवा आदल्या दिवशी तयारी करून ठेवायची असेल, तर उकळणंच बरं. भरपूर मीठ घातलेल्या खळखळत्या पाण्यात बारीक कोंबांना 2 मिनिटं, जाडांना 4 ते 5, आणि बाहेर काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात. हिरवा रंग इतका झळाळतो तो याच पद्धतीत. सात-आठ मिनिटं झाली की मात्र हरितद्रव्य बिघडून तो शेवाळी होतो. रोमन सम्राट ऑगस्टस एखादं काम झटपट उरकायचं असलं की "ॲस्परॅगस शिजायच्या आत" असं म्हणत असे. त्याच्या स्वयंपाक्याला वेळेचं भान असणार!

वाफवल्यावर कोंब पाणचट होत नाही, पण मीठही आत जात नाही. सॉस वरून ओतणार असाल तर ठीक; नुसतं खायला मला ते मिळमिळीत लागतं.

रोजच्या जेवणासाठी, दोघा-तिघांपुरतं करायचं असेल, तर माझं मत पसरट तव्याला. कोंब एका थरात मावले पाहिजेत. थोडं तेल, मध्यम-मोठी आच, दोन चमचे पाणी आणि झाकण. दोन मिनिटांत आतून वाफ लागते. मग झाकण काढायचं. आधी पाण्याचा चरचराट ऐकू येतो, पाणी आटलं की तो थांबतो आणि तेलाची बारीक तडतड सुरू होते. इथून पुढे हलवू नका. मिनिटभराने एक कोंब उलटून पाहा: खालच्या बाजूला तपकिरी डाग पडले असतील तर सगळे उलटा. सुरीचं टोक बुडाशी सहज शिरलं, पण किंचित अडलं, की गॅस बंद. उकळण्याचा कोवळेपणा आणि भाजण्याचा खमंगपणा दोन्ही एकाच भांड्यात मिळतात. बारीक कोंबांना झाकणाचीही गरज नाही.

माणसं जास्त आणि कोंब जाड असतील तर ओव्हन. 220 अंशांवर 10 ते 15 मिनिटं. पाण्याचा अंश उडून गोडी एकवटते, शेंडे कुरकुरीत होतात. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मी दोन जुड्या एकाच ट्रेवर कोंबल्या. भाजल्या तर नाहीतच, एकमेकींच्या वाफेत लिबलिबीत झाल्या. कोंबांमध्ये फट हवीच. बारीक जुडी ओव्हनमध्ये घालू नका, दोऱ्या होतात.

जाळीवर भाजायचे तर चव धुराची छान येते, फक्त कोंब जाळीच्या सळ्यांना आडवे ठेवा, नाहीतर निम्मे निखाऱ्यात. अगदी ताजे, जाड कोंब मिळाले तर शिजवूच नका: सोलाण्याने लांब पापुद्रे काढा, मीठ-तेल चोळून पाच मिनिटं ठेवा. शिळ्या जुडीवर हा प्रयोग करू नका, कारण तोडल्यापासून तिची साखर भराभर कमी होत जाते.

पांढरा ॲस्परॅगस असेल तर वरचं गणित लागू नाही. त्याची साल चिवट. शेंडा सोडून सगळा कोंब सोला आणि पाण्यातच शिजवा, 10 ते 15 मिनिटं.

लिंबू कुठल्याही पद्धतीत पिळा, पण ताटात वाढल्यावर. आंबटपणा हिरव्या रंगाचा वैरी आहे. आधीच पिळलंत तर उकळून बर्फाच्या पाण्यात घालायची सगळी खटपटही फुकट जाते.