एक कमांड, चार वेष: आठ महिन्यांनंतर एका डॉक्युमेंटेशनबद्दल

कमांड लाइनवरच्या एका टूलचं (नाव मुद्दामच घेत नाही) डॉक्युमेंटेशन गेले आठ महिने जवळपास रोज उघडतोय. टूल झकास आहे. उदाहरणंही भरपूर, पण प्रत्येक पानाचा हात वेगळा आहे हे लपत नाही. आपण भरायचं नाव एका पानावर टोकदार कंसात, दुसऱ्यावर कॅपिटल अक्षरांत, तिसऱ्यावर महिरपी कंसात.

पहिल्याच महिन्यात दणका बसला. टोकदार कंसातलं नाव काढून मी माझ्या फाइलचं नाव घातलं आणि कंस तसेच ठेवले. आदल्या पानावर अवतरणचिन्हं ठेवायची होती, मग हेही ठेवायचे असतील असं वाटलं. शेलच्या (टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी मात्र ते कंस म्हणजे इनपुट कुठून घ्यायचं आणि आउटपुट कुठे टाकायचं याच्या खुणा. माझी फाइल इनपुट झाली आणि बंद कंसापुढचा शब्द, म्हणजे आठवडाभर जमवलेल्या रिपोर्टची फाइल, आउटपुट. 'नाव दिलेलं नाही' अशी टूलची कुरकुर दिसेपर्यंत रिपोर्ट शून्य बाइटचा झाला होता. चूक माझीच, पण 'कंस टाइप करू नका' एवढं लिहायला काय जात होतं?

तेव्हापासून सगळीकडे एकच खूण हवी असं म्हणत होतो. कंसांबाबत अजूनही म्हणतो. ऑप्शन्सबाबत, म्हणजे कमांडला जोडून द्यायच्या सूचनांबाबत, मात्र मत बदललं. एका पानावर तेच काम छोट्या (एका अक्षराच्या) ऑप्शनने, मग लांब (पूर्ण शब्दाच्या) ऑप्शनने, बरोबरच्या चिन्हासह आणि त्याशिवाय असं लागोपाठ दाखवलंय. खाली लिहिलंय, 'सगळ्यांचा अर्थ एकच'. ते वाचल्यापासून दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट वाचताना अडखळत नाही.

पण अशी सूट प्रत्येक ठिकाणी नसते. जीएनयूच्या एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) रंगाच्या लांब ऑप्शनला 'ऑटो' द्यायचं तर बरोबरचं चिन्ह लागतंच. जागा सोडून लिहिलं तर ते ऑटो नावाची फाइल शोधायला जातं. अवतरणचिन्हांचंही तसंच. पायथॉन भाषेत एकेरी-दुहेरी सारखंच, पण शेलमध्ये एकेरीत घातलेलं डॉलरवालं व्हेरिएबल जसंच्या तसं राहतं, दुहेरीत त्याच्या जागी त्याची किंमत येते. या डॉक्युमेंटेशनमध्ये शेलच्या उदाहरणांतही दोन्ही मनाला येईल तशी वापरली आहेत. मला तर आधी तो टायपोच वाटला होता.

पाचपैकी साडेतीन. टोकदार कंसांच्या पानासाठी बदल सुचवून तीन महिने झाले, पान अजून तसंच आहे.