वाढीव मोबदल्याचा निकाल लागला, पैसे नाहीत: थांबायचं, दरखास्त टाकायची की लोकअदालतीत तडजोड?

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात सरकारने संपादन केलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याचा निकाल लागला की घरात पेढे येतात. वर्ष उलटतं आणि तोच माणूस कचेरीत खेटे घालायला लागतो. उत्तर एकच मिळतं, "वरून निधी आला नाही." दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी, तालुका कोणताही असो. जमीन धरणात गेलेली असो की कालव्यात, हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं.

म्हणून आधी या वाक्याचा अर्थ समजून घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०२(३) नुसार न्यायालयाचा निकाल किंवा हुकूमनामा (निकालानुसार काय द्यायचं याचा औपचारिक आदेश, डिक्री) भागवायला लागणारी रक्कम हा राज्याच्या एकत्रित निधीवरचा, म्हणजे मुख्य तिजोरीवरचा 'भारित' खर्च आहे. अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, पण तो मतदानाला टाकला जात नाही. म्हणजे तुमचे पैसे कुणी आमदार अडवत नाही. अडते ती मागणी. ती भूसंपादन कार्यालयातून संपादन करणाऱ्या खात्याकडे, तिथून मंत्रालयात आणि मग वित्त विभागात जायला हवी. मार्चचा अर्थसंकल्प हुकला तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची वाट बघावी लागते. मार्ग निवडताना मी एवढंच बघतो: यातल्या कुठल्या मार्गाने ती मागणी टेबलावरून उठेल?

एक गोष्ट आधीच तपासा. हुकूमनामा महानगरपालिकेवर किंवा पाटबंधारे महामंडळावर असेल तर त्या स्वतंत्र संस्था आहेत, त्यांचा निधी वेगळा आणि वर सांगितलेलं भारित खर्चाचं संरक्षण त्यांच्या तिजोरीला लागू नाही. प्रतिवादी कोण कोण आहेत, ते नीट वाचा.

नुसतं थांबण्याबद्दल फार लिहीत नाही. "१५ टक्के व्याज चालू आहे, बँकेपेक्षा बरं," असं पारावर ऐकू येतं. पण ते सरळव्याज आहे, व्याजावर व्याज नाही. आणि माणसाचं वय त्याच्यासाठी थांबत नाही. मूळ मालक गेला की वारसांची नावं लावण्यापासून सगळं पुन्हा सुरू होतं.

दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठी न्यायालयात केलेला अर्ज. हा मार्ग खडतर आहे, पण माझा कल तिकडेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ नुसार सरकारविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने थकला की मगच अंमलबजावणी मागता येते. हे तीन महिने हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. तेवढ्या वेळात सही-शिक्क्याची नक्कल काढा, व्याजाचा तक्ता बनवा आणि मुंबई उच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज करून ठेवा. सरकारने अपील केलं म्हणजे स्थगिती मिळाली, असं होत नाही. स्थगितीचा आदेश वेगळा घ्यावा लागतो. तो देताना रक्कम जमा करण्याची अट सहसा असते, आणि जमा झालेली रक्कम हमीवर उचलण्यासाठी तुम्हाला अर्ज करता येतो. दरखास्तीची मुदत १२ वर्षांची आहे, पण ती वापरायला म्हणून थांबू नका.

आमच्या नानांच्या दरखास्तीत कचेरीतल्या सामानाच्या जप्तीचं वॉरंट निघालं, त्या दिवशी मी सोबत होतो. कोर्टाच्या बेलिफाने पंच उभे केले आणि खुर्च्या, कपाटं, दोन संगणक, एक पंखा अशी यादी करायला घेतली. नाना दाराशी टोपी हातात धरून उभे होते. त्यांना त्या खुर्च्या नको होत्या. यादी निम्मी होते तोवर आतून अधिकारी आले, त्यांनी न्यायालयात मुदत मागितली आणि रकमेचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वर गेला. जप्तीच्या सामानातून मोबदला वसूल होत नाही, मागणी हलते. उशीर मात्र गृहीत धरा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहा महिन्यांत दरखास्ती निकाली काढा असं सांगितलं, तरी २०२५ मध्ये देशभरात ८ लाखांहून अधिक प्रलंबित होत्या.

लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवणाऱ्या अदालतीत, निवाडा झाला की त्यावर अपील नाही, म्हणजे सरकारचंही अपील संपतं. हा मोठा फायदा. किंमत बहुधा व्याजात मोजावी लागते. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यातल्या प्रकरणात ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज मिळतं. वाढीव रक्कम १० लाख असेल आणि ताब्याला सहा वर्षं झाली असतील, तर व्याज ९० हजार अधिक साडेसात लाख, म्हणजे ८ लाख ४० हजार होतं. "व्याज सोडा, मुद्दल लगेच देतो" याचा अर्थ जवळपास निम्मे पैसे सोडा. म्हणून लोकअदालतीच्या पॅनेलपुढे बसण्याआधी त्या रकमेच्या मंजुरीचं पत्र बघायला मागा. अमुक तारखेपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर मूळ हुकूमनामा पूर्ण व्याजासह लागू राहील, ही ओळ निवाड्यात लिहून घ्या. ती नसेल तर सही करू नका. आमच्या ओळखीतल्या एकांनी केली. पुढे पैसे रखडले, तेव्हा दरखास्त टाकता आली, पण कमी केलेल्या रकमेचीच.

उच्च न्यायालयात थेट रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या अशी याचिका, हा पैशाच्या हुकूमनाम्यासाठी पहिला मार्ग नव्हे. दरखास्त उपलब्ध असताना तिकडेच जा असं सांगितलं जाण्याची शक्यता मोठी, आणि नाशिककरांना मुंबईच्या फेऱ्या पडतात.

माझा सल्ला सरळ आहे. तीन महिने संपताच दरखास्त टाका आणि ती चालू ठेवूनच लोकअदालतीचं बोलणं करा. घरात आजारपण असेल, मालक ऐंशीच्या घरात असतील किंवा अपिलात रक्कम कमी होण्याची खरी भीती असेल, तरच व्याजातला काही भाग सोडा. किती सोडायचं तो आकडा वकिलांसोबत आधी कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्या हिस्सेदारांना दाखवा.

आणि ज्या शेजाऱ्याची जमीन त्याच अधिसूचनेत गेली पण जो कोर्टात गेलाच नाही, त्यालाही आज फोन करा. जुन्या कायद्याच्या कलम २८-अ खाली तुमच्या निकालापासून तीन महिन्यांत त्याला कलेक्टरकडे वाढीव दराचा अर्ज करता येतो.